बाविसावा हात

गुरुवारच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते, पाऊस नुकताच थांबलेला, पायाखाली चिखल आणि कोबीचा पाला एक झालेला, आणि समोरून सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे नन नव्हे, रिटायर्ड नर्स, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या पोरांच्या दंडावर यांच्याच सुईचा वण असेल. मी म्हणलं, जय ख्रिस्त सिस्टर, कशा आहात. त्या जय ख्रिस्त म्हणाल्या, माझ्या हातातली जुडी उलटी करून बघितली, म्हणाल्या, ही घेऊ नको गं, आतून पिवळी आहे. आणि मग त्याच आवाजात, म्हणजे मेथीबद्दल बोलावं तितक्याच सहज, "बाविसावा तुझा होता."

मला कळलंच नाही. म्हणलं, "माझा? काय?"

"हात," त्या म्हणाल्या, आणि भाजीवालीला कोथिंबीर कशी दिली म्हणून विचारायला लागल्या.

घरी येईपर्यंत मी स्वतःला सांगत होते की मला कळलं नाही. खरं तर तिथेच, चिखलात उभ्या उभ्या कळलं होतं. आमच्या मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, सकाळी सहाला वचन, मग वाढदिवस, मग कुणाचं तरी ऑपरेशन, आणि मधूनमधून प्रार्थनेचे विषय. आदल्या रविवारी संध्याकाळी महिला मंडळातल्या एका बाईंनी टाकलं होतं की एका भगिनीच्या घरात फार अशांती आहे, सून घर सोडून गेली आहे, हा सैतानाचा हल्ला आहे, नाव देत नाही, सर्वांनी प्रार्थनेत आठवण ठेवावी. नाव देत नाही! अहो, साठ-पासष्ट घरांची आमची मंडळी. त्यात घरात सून आहे आणि ती सून दोन महिने चर्चला दिसली नाही, अशा भगिनी किती असणार? नाव दिलं असतं तर निदान दोघी-तिघींना तरी वाटलं असतं की हे जरा जास्तच झालं. नाव न दिल्यामुळे सगळं कसं पवित्र झालं. मी तेव्हा लसूण सोलत होते. ओल्या अंगठ्याने ते जोडलेले हात दाबले आणि परत लसूण घेतला. एक शब्द लिहिला नाही, कुणाला फोन केला नाही, कुणाला विचारलं नाही. आणि दाबताना मनात प्रार्थना नव्हती हे पण सांगून टाकते. मनात होतं, 'मला वाटलंच होतं.' जिभेखाली गुळाचा खडा ठेवल्यावर कसं वाटतं, तसं बारीकसं बरं वाटलं होतं.

सिस्टरनी ते हात मोजले होते. त्या ग्रुपमध्ये आहेत हे काही गुपित नव्हतं, त्यांचा फोटोसुद्धा दिसतो, जांभळ्या साडीतला, नातेवाइकांच्या लग्नातला. म्हणजे एकेचाळीस जणांनी त्यांच्या देखत त्यांच्यासाठी हात जोडले, आणि त्या रात्री चष्मा लावून एकेक नाव वाचत बसल्या.

बाविसावा माझा.

सून घर सोडून गेलेली नव्हती. तिला सातवा महिना चालू होता. आधी दोनदा पडलं होतं, म्हणून यावेळी पिशवीला टाका घातलेला, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं, आणि सिस्टरांच्या घराला जिना उभा, संडास खाली, म्हणून आईकडे नेऊन ठेवलेली. कुणाला सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. दोनदा सगळ्यांना पेढे देऊन झालेले आणि दोनदा सगळ्यांच्या सांत्वनाला सामोरं जाऊन झालेलं, आता बाळ हातात आल्यावरच बोलू. हे मला कसं कळलं? कारण त्या मेसेजनंतर सिस्टरना सांगावंच लागलं. मंगळवारी महिला मंडळात उभं राहून, टाक्यापासून सगळं. जी गोष्ट त्या पोरीने स्वतःच्या मामीला सांगितली नव्हती ती सतरंजीवर बसलेल्या चौदा बायकांनी चहासोबत ऐकली. मला हे सगळ्यात जास्त लागलं. लोक म्हणतात, खोटं आहे ना, मग सांगून टाक ना खरं काय ते. पण अफवा खोटी पाडायची तर स्वतःच्या घराची कडी आतून काढून द्यावी लागते. खोटं बोलणाऱ्याचं काही जात नाही, खऱ्याला मात्र अंगावरचा पदर बाजूला करून दाखवावं लागतं की बघा बाई, इथे लागलंय.

आणि कुणाच्या बाबतीत, तर सिस्टरांच्या! तीस-बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली या बाईने याच तालुक्यात. कुणाला टीबी होता, कुणाच्या पोरीला लग्नाआधी तालुक्याबाहेर नेऊन आणलं, कुणाच्या नवऱ्याचा कसला रिपोर्ट आला, कोण फिनेल पिऊन आली आणि घरच्यांनी ते चुकून प्यायली असं लिहायला लावलं, सगळं यांच्या पोटात. पुढच्या बाकावर बसून मोठमोठ्याने आमेन म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं त्यांना माहीत असेल. कधी एक अक्षर बाहेर आलं नाही. मी एकदा लाडीगोडीने विचारून बघितलं होतं एकीबद्दल. मला म्हणाल्या, "तुझं पण कुणी विचारतं अधूनमधून." मी गप्प.

आमच्याकडे निंदा निंदेच्या वेषात येतच नाही, ही खरी पंचाईत आहे. चावडीवरच्या चुगल्या ओळखू येतात, माणूस डोळे मिचकावतो, आवाज खाली आणतो, तुम्हाला कळतं की आता लावालावी चालू झाली. चर्चमधली गोष्ट 'ओझं' म्हणून येते. "मला त्यांच्या घराबद्दल फार ओझं आहे हो." "मी निंदा करत नाही, फक्त प्रार्थनेसाठी सांगते." कॉटेज प्रेयरला, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमून होणाऱ्या प्रार्थनेला, तर मी अशा प्रार्थना ऐकल्यात की पोलीस पंचनामा परवडला. डोळे मिटलेले, उदबत्तीसारखा लांबत जाणारा आवाज, "हे प्रभू, तू जाणतोस, तुझा दास रोज संध्याकाळी साडेसातनंतर स्टँडच्या मागे कुठे जातो, तू हे पण जाणतोस की पगाराचे पैसे घरी येत नाहीत..." प्रभू जाणतो तर मग पत्ता कुणासाठी चाललाय? पण आमेन झाल्यावर कुणी तोंड उघडत नाही, कारण प्रार्थनेला हरकत कशी घेणार. पोह्यांच्या ताटल्या येतात आणि प्रत्येक जण ऐकलेलं घेऊन आपापल्या घरी जातो.

हे लिहिताना मला सारखे अण्णा आठवतायत. अण्णा म्हणजे माझ्या मैत्रिणीचे वडील, शाळेत मास्तर आणि चर्चचे खजिनदार, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हंगामाच्या सणाला, ज्याला आता सगळे हार्वेस्ट म्हणतात, आमच्याकडे धमाल असायची. वेदीपुढे ज्वारीची कणसं, दुधी भोपळे, ऊस, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि उपासना चालू असताना त्या कोंबड्यांचं मधूनच ओरडणं. मग बाहेर चिंचेखाली लिलाव. एक नारळ शंभरला जायचा, कारण तो घेणारा परत देवालाच द्यायचा आणि तोच नारळ पुन्हा लिलावात यायचा, असा एकच नारळ तीन-तीनदा विकला गेलेला मी बघितलाय. अण्णा टेबल टाकून बसायचे, कार्बन घातलेलं पावती पुस्तक, बोटाला निळं लागलेलं, कानावर पेन्सिल. त्या वर्षीचा पैसा चर्चच्या पत्र्यांसाठी होता. पावसाळ्यात बायकांच्या बाजूला गळायचं, आम्ही पोरी मुद्दाम थेंबाखाली डोकं धरायचो.

आणि पत्रे बसायच्या आत अण्णांनी लुना घेतली. निळी.

कुणी आधी म्हणलं, ते आजपर्यंत कुणालाच माहीत नाही. "पत्रे फिरायला लागले वाटतं" असा कुणीतरी विनोद केला असणार, हसू आलं असणार, आणि दोन रविवारांत तो विनोद राहिला नव्हता. गाडी शिक्षक पतपेढीच्या कर्जावर घेतली होती, रोज अकरा किलोमीटर सायकल मारून गुडघे गेले होते, पण पतपेढीचं कर्ज काढलं हे काय कुणी गळ्यात पाटी घालून सांगतं? संडे स्कूलमध्ये आम्ही जक्कयाचं चित्र रंगवत होतो, झाडावर चढलेला जकातदार. हिरवा खडू संपला होता म्हणून माझी मैत्रीण पानं निळी करत होती. मी तिला विचारलं, "तुझ्या पप्पांनी पत्र्याचे पैसे घेतले का गं?" दुष्टपणाने नाही विचारलं, घरी ऐकलं होतं ते विचारलं, दहा वर्षांच्या पोरीला काय कळतं वगैरे. तिने उत्तर दिलं नाही. खडू इतका दाबला की तो मोडला, कागदाला भोक पडलं, आणि ती त्या भोकाच्या भोवती रंगवत राहिली.

माझे वडील तेव्हा पंचांमध्ये होते. हिशेब तपासायचं ठरलं, तिघांनी दोन संध्याकाळ आमच्या ओसरीवर बसून तपासला, लाइट गेलेली, कंदिलाच्या काचेवर किडे आपटतायत, वडील पावत्यांच्या स्थळप्रती मोठ्याने वाचतायत आणि दुसरे एक काका रोजकीर्दीत टिकमार्क करतायत. पैसा न पैसा जुळला. जुळला म्हणजे कसा, तर एक कोंबडी ज्याने बोली लावून घेतली त्याने तिचे अकरा रुपये दिलेच नव्हते, कोंबडी खाऊन मोकळा झाला होता, आणि अण्णांनी ते अकरा रुपये स्वतःच्या खिशातून घालून त्या माणसाच्या नावाने पावती फाडली होती. वडिलांनी हे आईला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता, मी गोधडीत जागी होते.

इतिवृत्ताच्या वहीत एक ओळ लिहिली गेली, हिशेब तपासला, बरोबर आढळला. वही कपाटात, किल्ली सेक्रेटरीकडे. वडिलांचं म्हणणं होतं की हे वेदीवरून सांगा. त्यावेळच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, कशाला उगाच विषय काढायचा, ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल. आणि गंमत म्हणजे ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच वाटलं की आपण अण्णांची लाज राखतोय. आमच्याकडे लग्न ठरलं की तीन रविवार नावं वाचून दाखवतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. कुणाची छत्री राहिली तर सूचना होते. रंगकामाला किती डबे लागले याची सूचना होते. एका माणसाला चोर म्हणलं गेलं आणि तो चोर नाही, एवढी एक सूचना मात्र राहून गेली, ती कायमचीच.

अण्णा चर्चला यायचे बंद झाले नाहीत, तसं झालं असतं तर बरं. ते शेवटच्या बाकावर, दाराशेजारी बसायला लागले. अर्पणाची थैली जवळ आली की चार माना वळायच्या, किती टाकतो बघायला. कमी टाकलं तर कंजूष आणि जास्त टाकलं तर बघा, पचलं नाही. आशीर्वादाच्या आधी उठून जायचे, म्हणजे दारात कुणाशी हात मिळवायला नको. लुना फाटकाबाहेर लावायचे, मग काही दिवसांनी ती आणायचेच बंद झाले, परत सायकल. ते गेले तेव्हा मातीला इतकी माणसं होती की कंपाउंडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तेव्हाच्या पाळकांनी, जे दुसरेच होते, त्यांना विश्वासू कारभारी म्हणून गौरवलं. आम्ही सगळ्यांनी मान हलवली. मी पण हलवली.

मैत्रीण आता पुण्यात असते. मध्ये एकदा फोनवर मी धीर करून त्या खडूचं बोलले, म्हणलं माफ कर मला. तिला खडू आठवतच नव्हता. ती म्हणाली, "मला आठवतं त्या नाताळला तुमच्याकडून ताट आलं नव्हतं." करंज्या, चिवडा, केकचा तुकडा, क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ते ताट, दर वर्षी जायचं. मी आईला विचारलं, ती आता ब्याऐंशीची आहे. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, हिशेब तपासत होते ना तुझे वडील, तपासणाऱ्याच्या घरून ताट गेलं तर लोक काय म्हणतील. म्हणजे माझी आई, जिने आयुष्यात कुणाची निंदा केली नाही, जिच्यासमोर कुणी कुणाचं बोललं तर ती उठून पाण्याला जायची, तिचाही एक वाटा निघालाच. मला माझा खडू मोठा वाटत होता इतकी वर्षं.

आता यावर कुणी म्हणेल, सगळीकडेच असतं हे, सोसायटीत नाही का, ऑफिसात नाही का. असतं. पण आमचं जरा वेगळं आहे. नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांचं विणकामच असं आहे की एक धागा ओढला तर चार गावांत हलतं. आमच्यातल्या कितीतरी घरांचे खापरपणजोबा १८७६ ते ७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे ख्रिस्ती झालेले, मग मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशन कंपाउंड, एक नळ, एकमेकांना चिकटलेल्या भिंती, आणि लग्नं परत आपसातच. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पण माझी आजी मरेपर्यंत कोण मूळचं अमेरिकन मिशनचं आणि कोण एसपीजीचं, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचं, हे पोळी लाटता लाटता सांगायची, आणि कुठली गोष्ट कुणाच्या कानावर गेली तर ती कुठल्या घरापर्यंत पोचणार याचा रस्ता तिला एसटीच्या वेळापत्रकासारखा पाठ होता. अशा ठिकाणी माणूस मंडळी बदलू शकत नाही. सोसायटी बदलता येते. इथे ज्याने नाव घालवलं तो तुमच्या मेव्हण्याचा साडू असतो आणि तुमच्या वडिलांची कबर त्याच्या वडिलांच्या शेजारी असते.

शिवाय आमच्यावर बाहेरूनही काही कमी उडालेलं नाही. पोटासाठी बाटले, बाटगे, हे शब्द शाळेच्या मैदानावर ऐकत मोठे झालो आम्ही. पार मागे गेलं तर इ.स. ६४ मध्ये रोम जळलं तेव्हा नीरोने आळ घेतला तो ख्रिस्ती लोकांवरच, आणि पुढे ही माणसं गुपचूप जमून माणसाचं मांस खातात अशीही बोलवा होती. दर वर्षी कुणीतरी हे उपदेशात सांगतं आणि आम्ही दुःखाने मान हलवतो. खोट्या आळाचं दुःख ज्यांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे त्यांनी तरी, असं वाक्य मी इथे लिहिलं होतं, ते खोडलं. कारण उलटंच होतं बहुतेक. बाहेरचे नावं ठेवतात म्हणून आपण आतल्या आत सतत एकमेकांवर नजर ठेवतो, कुणामुळे आपलं नाव जाईल, आणि त्या नजर ठेवण्यातूनच अर्धं पीठ दळलं जातं.

वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, बीएडला एकत्र होतो. तिच्याशी यावर नेहमी वाद होतो, पहिल्यांदा तर आकड्यावरून, कारण 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' ही आमची नववी आज्ञा आणि त्यांची आठवी. मी म्हणायचे, बघ, 'खोटी' साक्ष लिहिलंय. खरं असेल तर? ती म्हणाली की आमच्या धर्मशिक्षणात खरी गोष्ट पण कारण नसताना तिसऱ्याला सांगून एखाद्याचं नाव घालवलं तर ते पापच धरतात, आणि नुसतं कन्फेशन करून भागत नाही, जे नुकसान झालं ते भरून द्यायचीही जबाबदारी असते. मी विचारलं, नाव कसं भरून देणार? ती म्हणाली, तेच तर. लॉकडाऊनमध्ये तिनेच मला पोप फ्रान्सिस यांचं ते गाजलेलं बोलणं पाठवलं होतं, सप्टेंबर २०२० मधलं, की चुगल्या ही कोविडपेक्षा वाईट साथ आहे. तेव्हा मी हसले होते. त्या दिवशीचं त्यांचं वचन मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं होतं, जे आम्हा सगळ्यांना पाठ आहे, भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोल, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आम्ही हे शेवटाकडून वाचतो. आधी मंडळीला, मग निवडक एक-दोघांना फोन करून तपशील, आणि ज्याची गोष्ट आहे त्याला सगळ्यात शेवटी, बाजारात, तीही त्यानेच विषय काढला तर.

आणखी एक. बायबल स्टडीत एका तरुण पाळकांनी सांगितलेलं, सेमिनरीतून ताजे आलेले, ग्रीक शिकलेले. नव्या करारात सैतानाला जो 'दियाबोलोस' शब्द आहे त्याचा मुळातला अर्थच निंदा करणारा, आळ घेणारा. आणि पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, स्त्रिया चहाडखोर नसाव्यात म्हणलंय तिथे मूळ शब्द हाच आहे. तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारून. परवा तो ग्रुपवरचा मेसेज परत वर जाऊन वाचला, 'हा सैतानाचा हल्ला आहे', तेव्हा ती रेघ आठवली. बाईंनी शब्दशः खरं लिहिलं होतं.

हात काढून टाकता येतो, हे मला माझ्या मुलाने दाखवलं. त्यावरच परत दाबायचं. गुरुवारी रात्री मी काढला, एकेचाळीसचे चाळीस झाले. त्याच्या खाली तोवर तीन वाढदिवस आणि एक दहावीचा सत्कार येऊन गेला होता, तो मेसेज शोधायलाच मला पाच मिनिटं लागली. कुणाला कळणार होतं? सिस्टरना कदाचित.

रविवारी मी लवकर गेले. मनात पक्कं केलं होतं की सूचनांच्या वेळी उभी राहीन आणि बोलेन. काय बोलायचं ते रिक्षात तीनदा म्हणून बघितलं, प्रत्येक वेळी ते एकतर भाषण व्हायचं नाहीतर सिस्टरांच्या घरचं सगळं परत एकदा मांडणं व्हायचं. नाव न घेता म्हणावं तर तेच, 'एका भगिनीबद्दल', परत तीच भाषा, आता माझ्या तोंडात. प्रभुभोजनाचा रविवार होता. प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी म्हणून जी शांतता असते त्यात पंख्याचा आवाज येतो फक्त, एका पात्याला खडखड आहे, वर्षानुवर्षं आहे. सिस्टर तिसऱ्या बाकावर, नेहमीच्या जागेवर, मागच्या नाही. मेसेज टाकणाऱ्या बाई त्यांच्याच पुढे, दोघींनी एकमेकींना 'प्रभूची शांती तुम्हाला असो' म्हणून हात मिळवले, मी बघत होते. सिस्टरनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, पेशंटचा घेतात तसा. मला त्यातलं काहीच वाचता आलं नाही.

सेक्रेटरी उठले. पुढच्या शनिवारी साफसफाई. कब्रस्तानाच्या भिंतीचा फंड. गेल्या रविवारी एक काळी छत्री राहिली आहे, लाकडी दांड्याची, ज्यांची असेल त्यांनी न्यावी, आणि पुन्हा एकदा सांगतो, काळी छत्री. "आणखी कुणाची काही सूचना?"

मी उभी राहिले. सगळ्या माना वळल्या, अण्णांच्या थैलीकडे वळायच्या तशाच. सिस्टर मात्र वळल्या नाहीत, त्यांचा अंबाडा आणि मानेवरचा सोनसाखळीचा आकडा एवढंच दिसत होतं. घसा कोरडा पडला, पंखा खडखडत होता, आणि मी म्हणाले, "ती छत्री माझी आहे."

खरंच माझी होती.

बाहेर चिंचेखाली चहा चालू होता. सेक्रेटरींनी छत्री आणून दिली, मी ती उगाच उघडून मिटत उभी राहिले. सिस्टर चहाचा कप घेऊन जवळ आल्या, छत्रीकडे बघितलं, म्हणाल्या, "काडी मोडलीये गं एक. स्टँडपाशी तो बसतो ना, त्याच्याकडून करून घे, दहा रुपये घेतो." मग कप माझ्या हातात धरायला देऊन त्या चपला घालायला वाकल्या.